‘एम बी व्ही’: एकवीस वर्षांनी आलेल्या अल्बमबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ बँड कुठला? नाव तर भुताखेताच्या सिनेमासारखं आहे.

सिनेमाचंच आहे. १९८१ साली याच नावाचा एक कॅनेडियन खूनपट आला होता. बँडच्या पहिल्या गायकानं ते नाव सुचवलं. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स म्हणतो की असा सिनेमा आहे हे तेव्हा आपल्याला माहीतच नव्हतं. नाव चिकटलं ते चिकटलं.

‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ १९८३ मध्ये डब्लिनला सुरू झाला आणि काही वर्षं इकडेतिकडे भटकून लंडनला स्थिरावला. आज आपण ज्यांना ओळखतो ते चौघं म्हणजे गिटार आणि गाणं केव्हिन शील्ड्स, ड्रम कॉल्म ओ कीसोग, बेस डेबी गूज आणि १९८७ पासून गाणं व गिटार बिलिंडा बुचर. ‘इझन्ट एनिथिंग’ १९८८ साली आला, ‘लव्हलेस’ ४ नोव्हेंबर १९९१ ला. त्यानंतरचा अल्बम ‘एम बी व्ही’, २ फेब्रुवारी २०१३. सगळे ‘बावीस वर्षं’ म्हणतात, पण हिशोब केला तर एकवीस वर्षं आणि तीन महिने भरतात. वाट पाहणाऱ्यानं महिनेसुद्धा मोजलेले असतात.

‘लव्हलेस’चं एवढं कौतुक कशासाठी? मला तर टेप खराब झाल्यासारखं वाटलं.

बहुतेकांना पहिल्यांदा तसंच वाटतं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हेडफोनचा जॅक तपासला होता.

त्या आवाजाचं मूळ अगदी साधं आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला ते पटकन समजावं. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढतात आणि सूर न तुटता दुसऱ्या सुरावर सरकतो. शील्ड्स जी फेंडर जाझमास्टर गिटार वाजवतो तिला एक दांडा असतो. तो दाबला की एका नव्हे, सगळ्याच तारांचा ताण एकदम बदलतो. बाकीचे वादक तो दांडा अधूनमधून दाबून सोडतात. शील्ड्स तो तळहातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, प्रत्येक फटक्याबरोबर किंचित उतरते आणि परत चढते. मींड आहे, पण सहा तारांची आणि न थांबणारी. त्यावर उलटा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा विरत जाण्याऐवजी चढत जातो तसा परिणाम. सूर कुठे सुरू झाला हेच कळत नाही. जमीन हलतेय की आपण हलतोय, अशी गत होते.

यात एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं गिटारचे शंभर थर एकावर एक चढवलेत. शील्ड्सनं वेळोवेळी सांगितलंय की बऱ्याच ठिकाणी एक-दोनच गिटार आहेत, आणि तीही डावी-उजवीकडे न पसरवता मधोमध ठेवलेली. भिंत एकाच विटेची आहे, पण वीट हलणारी आहे.

शिवाय बिलिंडाचा आवाज. त्या काळात रेकॉर्डिंगला रात्र-रात्र जायची. सकाळी तिला झोपेतून उठवून माइकसमोर बसवायचे. त्यामुळे तो आवाज अर्धवट जागा आहे. अभिनय नाही, खरीच झोप आहे.

या अल्बमनं कंपनी बुडवली, हे खरं का?

क्रिएशन रेकॉर्ड्स ही लंडनची छोटी कंपनी, अ‍ॅलन मगीची. ‘लव्हलेस’ला दोन वर्षं लागली, एकोणीस स्टुडिओ बदलले गेले, आणि अडीच लाख पौंडांचा आकडा दंतकथेसारखा पसरला. शील्ड्सला तो मान्य नाही. स्टुडिओंची भाडी आणि इंजिनिअरांचे पैसे मांडून त्यांनी स्वतः हिशोब केला, तेव्हा एक लाख साठ हजारांच्या वर आकडा जाईना, असं तो सांगतो.

कंपनी बुडाली नाही. पण दमछाक झाली एवढं नक्की. अल्बम ब्रिटिश विक्रीच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे वाईट नाही, पण तेवढ्यानं कर्ज फिटत नाही. मगीनं बँडला निरोप दिला. पुढे १९९२ मध्ये क्रिएशनचा जवळजवळ निम्मा हिस्सा सोनीकडे गेला, १९९३ मध्ये ओएसिस हा बँड त्यांच्या हाती लागला आणि कंपनीची ददात मिटली. ज्या बँडमुळे झोप उडाली तोच कंपनीच्या यादीतला सर्वांत मानाचा ठरला, हे मगीलाही पुढे नाकारता आलं नाही.

अल्बमच्या श्रेयनामावलीत बरेच इंजिनिअर दिसतात म्हणून कुणी गोंधळू नये. नुसता चहा करून देणाऱ्याचंही नाव घातलंय, असं शील्ड्सनं सांगितलं आहे. खरं काम त्याचं स्वतःचं आणि मुख्यतः अ‍ॅलन मोल्डर या इंजिनिअरचं.

बरं, मग इतकी वर्षं ही मंडळी करत काय होती?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आयलंड रेकॉर्ड्सशी करार केला. आगाऊ रक्कमही अडीच लाख पौंड होती असं म्हणतात. (हा आकडा त्यांचा पिच्छाच सोडत नाही.) एकोणीस स्टुडिओ फिरून वैतागलेल्या शील्ड्सनं ठरवलं की आता स्वतःचाच स्टुडिओ बांधायचा. दक्षिण लंडनमध्ये स्ट्रेटहॅमला घर घेऊन त्यात स्टुडिओ उभा केला. घर बांधून पाहावं म्हणतात ते इथेही लागू पडलं. मिक्सिंगचं टेबलच धड चालेना. दुरुस्तीत महिने गेले, पैसे गेले, हुरूप गेला.

त्या अख्ख्या दशकात बँडच्या नावानं बाहेर आलं काय, तर दोन गाणी, आणि दोन्ही दुसऱ्यांची: १९९३ मध्ये एका मदतनिधीच्या अल्बमसाठी लुई आर्मस्ट्राँगचं एक जुनं गाणं आणि १९९६ मध्ये वायर या बँडला मानवंदना म्हणून एक. १९९५ मध्ये डेबी आणि कॉल्म बाहेर पडले. डेबीनं नवा बँड काढला, कॉल्म पुढे गायिका होप सँडोव्हालबरोबर वाजवू लागला. १९९७ मध्ये बिलिंडाही गेली. उरला एकटा शील्ड्स, घरभर टेपा, आणि कंपनीकडून येणारे फोन.

१९९६-९७ च्या सुमारास तो खरोखर काही रेकॉर्ड करत होता, हे लक्षात ठेवा. त्या काळात लंडनमध्ये ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ या वेगवान तालाच्या नृत्यसंगीताचा भर होता, आणि ते ताल त्याच्या कानात बसले. पण जे झालं ते त्याला ‘लव्हलेस’च्या पुढचं वाटेना. तेवढ्यापुरतं सगळं गुंडाळून ठेवलं.

नंतर तो इतरांसाठी राबला. प्रायमल स्क्रीम या बँडच्या २००० सालच्या अल्बमवर आणि त्यांच्याबरोबर मंचावर, गिटारवादक जे. मॅस्किस याच्या बँडमध्ये, शिवाय कित्येक रिमिक्स. २००३ मध्ये सोफिया कोपोलाच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’साठी त्यानं नवं संगीत दिलं आणि त्याला बाफ्टाचं नामांकन मिळालं. टोकियोतल्या रात्रींवरचे ते तुकडे ऐकून आमच्यासारखे लोक म्हणायचे, म्हणजे हात अजून चालतोय की! मग आमचं घोंगडं का भिजत पडलंय?

२००६ च्या आसपास जुन्या अल्बमांचं नव्यानं मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची बसवणूक, करायचं म्हणून त्यानं कपाटं उघडली आणि त्यात ९६-९७ च्या टेपा पुन्हा ऐकल्या. तेव्हा टाकाऊ वाटलेलं आता बरं वाटू लागलं. २००७ मध्ये चौघं पुन्हा एकत्र येत असल्याचं जाहीर झालं, २००८ च्या जूनमध्ये लंडनला पहिले कार्यक्रम झाले. तेच २००८ मध्ये जाहीर झालेले नवे मास्टर मात्र दुकानात आले मे २०१२ मध्ये. त्यांच्या घड्याळाची सवय करून घ्यावी लागते.

म्हणजे हा अल्बम एकवीस वर्षं घडत होता?

नाही. माझं या विषयावर मित्रांशी दरवेळी भांडण होतं ते इथेच. ‘एकवीस वर्षं तपश्चर्या करून घडवलेला अल्बम’ हे वाक्य कुणी लिहिलं की समजावं, त्यानं तारखा पाहिलेल्या नाहीत. ९६-९७ मध्ये थोडं काम, मग दहा वर्षं कपाट, मग पुन्हा पाहणी, आणि खरा नेट २०११-१२ मध्ये. बाकीचा काळ बिघडलेली यंत्रं, फुटलेला बँड, संपलेले पैसे आणि नको वाटणं. शिल्पकार छिन्नी घेऊन एकवीस वर्षं दगडासमोर बसलेला नव्हता. बराच काळ तो खोलीतच जात नव्हता.

आणि मला हेच जास्त जवळचं वाटतं. परिपूर्णतेच्या ध्यासापायी वेड लागलेला कलावंत, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. एखादं काम हातून सुटतं, लाज वाटून त्याकडे पाहावंसं वाटत नाही, आणि दहा वर्षांनी उघडल्यावर ते तितकं वाईट नसतं, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्या माळ्यावर घडलेलं असतं.

प्रकाशनाच्या रात्री नक्की काय झालं?

डिसेंबर २०१२ मध्ये बँडनं फेसबुकवर सांगितलं की मास्टरिंग पूर्ण झालं. तोवर इतक्यांदा ‘आलाच’ म्हणून झालं होतं की कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २७ जानेवारी २०१३ ला लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये त्यांनी कार्यक्रम केला, त्यात एक नवं गाणंही वाजवलं. श्रोत्यांतून अल्बमबद्दल विचारणा झाली तेव्हा शील्ड्स म्हणाला, दोन-तीन दिवसांत येईल बहुतेक. सहा दिवस लागले. त्याच्या मानानं हे वेळेआधीच म्हणायचं.

शनिवारी, २ फेब्रुवारीला, फेसबुकवर पुन्हा निरोप आला: आज संध्याकाळी अल्बम आणि नवी वेबसाइट सुरू करतोय. लंडनच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती सुरू झाली आणि त्याच क्षणी झोपली. जगभरचे लोक एकाच दारावर धडका देत होते. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट, साडेपाचचा सुमार. मी चहा टाकून बसलो होतो, पानावर ४०३ चा एरर, पुन्हा दाबलं की पुन्हा तोच. एकवीस वर्षं थांबलेला माणूस आणखी दोन तास थांबू शकतो असं कुणालाही वाटेल. नाही थांबवत. खाली दूधवाल्याची सायकल वाजली, पेपर आला, आणि मी वेड्यासारखा एकच बटण दाबत होतो.

कंपनी नाही, जाहिरात नाही, आधी समीक्षकांना पाठवलेल्या प्रती नाहीत. त्यामुळे नामवंत मासिकांचे समीक्षक आणि मी, सगळ्यांनी तो एकाच सकाळी पहिल्यांदा ऐकला. एरवी समीक्षा वाचून आपले कान आधीच तयार झालेले असतात. त्या सकाळी तशी सोय नव्हती.

त्यांना मर्क्युरी पुरस्कारातून वगळलं होतं का?

मर्क्युरी म्हणजे ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला देतात तो पुरस्कार. २०१३ च्या त्या पुरस्कारासाठी अल्बम पात्रच धरला गेला नाही. त्या नियमांनुसार अल्बमला रीतसर वितरक हवा आणि तो नेहमीच्या मोठ्या डिजिटल दुकानांत मिळायला हवा. यांनी स्वतःच काढला आणि स्वतःच्याच वेबसाइटवर विकला. शील्ड्स मुलाखतीत यावर चांगलाच वैतागला होता. अशा संगीताला ‘इंडी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ स्वतंत्र असाच आहे. स्वतंत्रपणे काढला म्हणून तो बाद.

अल्बममध्ये काय आहे?

नऊ गाणी, सुमारे ४६ मिनिटं. गाण्यांची नावं सगळी इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत लिहिलेली, अल्बमचंही तसंच. तीन-तीनचे तीन गट पाडले की वाट सापडते.

पहिली तीन म्हणजे जुनं घर. ‘शी फाउंड नाऊ’ सुरू होतं आणि पहिल्या काही सेकंदांत कळतं की हीच माणसं, हाच हात. ड्रम जवळजवळ नाहीतच, गिटारचा घुमारा आणि कुजबुज. ‘ओन्ली टुमॉरो’मध्ये शेवटाकडे गिटारची जी धून पुन्हा पुन्हा येते ती मला या अल्बमची सर्वांत मोकळी जागा वाटते. ‘हू सीज यू’ याच घरातलं तिसरं दालन.

मधल्या तिनात गिटार मागे सरते. ‘इज धिस अँड येस’मध्ये कीबोर्ड, एक ठोका आणि बिलिंडाचा आवाज, बस. ते कुठे जात नाही, एका जागी तरंगतं. काहींना कंटाळा येतो, मला त्यात तानपुरा लावून नुसतं बसल्याचं सुख मिळतं. ‘इफ आय अ‍ॅम’ घाईत ऐकलं तर निसटतं. ‘न्यू यू’ हे त्यातलं सर्वांत गोड, गुणगुणता येईल असं, आणि ब्रिक्स्टनला त्यांनी ऐकवलं तेही हेच. मोठी कंपनी असती तर पहिलं हेच रेडिओवर पाठवलं असतं.

शेवटची तीन मात्र अंगावर येतात, आणि माझ्या मते अल्बम याच तिनांसाठी आहे. ‘इन अनदर वे’मध्ये कर्कश गिटारखाली धावता ड्रम आणि वर सनईसारखी लांबट, आनंदी ओळ. ‘नथिंग इज’मध्ये साडेतीन मिनिटं एकच तुकडा, तोच, पुन्हा तोच, हळूहळू मोठा होत जाणारा. पहिल्यांदा ऐकताना हात पुढच्या गाण्याकडे जातो. जाऊ देऊ नका. दुसऱ्या मिनिटानंतर तुकडा तोच राहतो आणि ऐकणारा बदलतो. आणि ‘वंडर २’. नव्वदच्या दशकात लंडनच्या क्लबांत वाजणारे ते वेगवान ताल, त्यावर फ्लँजर, म्हणजे आवाज घोंघावत फिरवणारा परिणाम, असा पिळलेला की घराच्या छतावरून विमान जातंय, जातंय आणि जातच नाही. आत कुठेतरी कुणी शांतपणे गातंय. इथे पोचल्यावर ‘लव्हलेस’ची आठवणही येत नाही.

‘लव्हलेस’पेक्षा सरस आहे का?

नाही. पहिल्या सहा गाण्यांबद्दल तरी नाही, आणि हे म्हणताना मला वाईटही वाटत नाही. ‘लव्हलेस’ सलग आहे, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मधले तुकडेही विचार करून जोडलेत. ‘एम बी व्ही’ला शिवण दिसते. कुठलं गाणं कोणत्या काळातलं असेल याचा अंदाज कान बांधू शकतात. पण ‘लव्हलेस’वर कॉल्म आजारी होता, म्हणून बहुतेक ठिकाणी त्याच्याच वाजवण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे सॅम्पलर या यंत्रावर जोडून ताल बांधलाय. इथे ड्रम श्वास घेतात. ज्यानं फक्त एकच अल्बम ऐकायचा त्यानं ‘लव्हलेस’ ऐकावा. ज्याला हा बँड कुठे जाऊ शकला असता हे कळून घ्यायचंय, त्यानं ‘वंडर २’.

शब्द का कळत नाहीत? बोल कुठे मिळतील?

इंटरनेटवर जे बोल फिरतात ते चाहत्यांनी कान लावून लिहिलेले आहेत, त्यांत मतभेद आहेत. आवाज हेही इथे एक वाद्य आहे. आलापातल्या अक्षरांचा अर्थ आपण विचारत नाही, तसं समजा.

अ‍ॅनालॉग रेकॉर्डिंग म्हणतात ते काय? माझ्या फोनवर फरक पडेल का?

दोन इंची, चोवीस ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड करून अर्ध्या इंची टेपवर मिक्स केलं, मध्ये कुठेही डिजिटल प्रक्रिया नाही, असं बँडनंच सांगितलंय. त्याची तबकडी म्हणजे रेकॉर्ड खऱ्या अर्थानं अ‍ॅनालॉग आहे. फोनवर तुम्ही जे ऐकाल ते शेवटी डिजिटलच. टपाल आणि कस्टम धरून रेकॉर्ड मागवायची की नाही, हा ज्याचा त्याच्या खिशाचा प्रश्न. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. खालचे सूर गायब होतात आणि उरतो तो स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज. पंधराशे रुपयांचे वायरवाले हेडफोन पुरतात. आवाज नेहमीपेक्षा एक-दोन घर वर.

कार्यक्रमात कानात घालायला बोळे वाटतात हे खरं?

खरं. दारावरच इअरप्लग देतात आणि ते घालावेतच. कार्यक्रमाच्या शेवटी ‘यू मेड मी रिअलाइज’ या १९८८ च्या गाण्याच्या मध्यात ते एकच कॉर्ड धरून बसतात, कधी दहा मिनिटं, कधी वीसच्याही वर. गणपती विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर छाती थरथरते ते आठवा, त्यातून ताल काढून टाका. शील्ड्सच्या कानांत स्वतः कायमचा गुंजारव आहे. कौतुक त्याच्या संगीताचं करा, कानांची काळजी मात्र त्याच्यासारखी घेऊ नका.

आता अल्बम कुठे ऐकता येईल?

बरीच वर्षं स्ट्रीमिंगवर यांचं काही धड नव्हतं. मार्च २०२१ मध्ये डॉमिनो रेकॉर्ड्सशी करार झाल्यावर सगळं नेहमीच्या अ‍ॅपवर आलं. शोधताना तीन सुट्टी अक्षरं टाकली तर भलतंच काहीतरी निघतं, म्हणून बँडचं पूर्ण नाव टाका.

पुढचा अल्बम कधी?

२०२१ मध्ये शील्ड्सनं सांगितलं की दोन नवे अल्बम डोक्यात आहेत आणि लवकर करायचेत. २०२५ च्या हिवाळ्यात ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. मी पहाटेचा गजर अजून लावलेला नाही, पण चहाचं आधण ठेवायला मला दोन मिनिटं पुरतात.